ग्रामीण फ्रान्समधले निवांत सायकल-रस्ते कसे शोधावेत

डांबराच्या मधोमध गवताची बारीक रेघ दिसली की समजावं, रस्ता बरोबर लागला. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत असे रस्ते इतके आहेत की तासभर सायकल चालवावी आणि दोन ट्रॅक्टर, एक पिवळी पोस्टाची गाडी आणि कुंपणाशी येऊन पाहणाऱ्या गाई एवढीच काय ती वर्दळ. पण नवख्या माणसाला हे रस्ते सहजी सापडत नाहीत. फोनवरचं ॲप एक तर ट्रकांच्या रस्त्यावर नेऊन सोडतं, नाहीतर थेट शेतातल्या चिखलात.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल-सफरीच्या निमित्ताने दर चार वर्षांनी पुण्या-मुंबई-नाशिकचे बरेच सायकलवाले फ्रान्सला जातात. नव्वद तासांत बाराशे किलोमीटर कापायचे म्हटल्यावर आजूबाजूला बघायला सवड कुठली? परतीच्या तिकिटाआधी हाताशी चार दिवस उरले तर त्यांचं काय करायचं, हे मला अनेकदा विचारलं जातं. हा लेख त्यांच्यासाठी. कामानिमित्त तुलूझ किंवा पॅरिसला राहणाऱ्या मराठी मंडळींनाही तो उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या: एवढे रस्ते आलेच कुठून?

फ्रान्समध्ये जवळजवळ ३५,००० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सर्वांत लहान एकक. प्रत्येकाचं स्वतःचं चर्च, स्वतःची मेरी, म्हणजे नगरपालिकेची कचेरी, आणि शेजारच्या गावांना जोडणारे स्वतःचे रस्ते. देशातल्या दहा लाखांहून अधिक किलोमीटर रस्त्यांपैकी सुमारे सात लाख किलोमीटर एकट्या कम्यूनांच्या ताब्यात आहेत आणि पावणेचार लाखांच्या आसपास जिल्ह्यांच्या, म्हणजे देपार्तमाँच्या. लांबचे ट्रक आणि घाईच्या गाड्या मोटरवेवर जातात. खेड्यांतली माणसं शंभर-दीडशे वर्षांत शहरांकडे गेली. रस्ते मात्र जागेवर राहिले, आणि डांबरी राहिले.

पायरी १: विरळ वस्तीचा भाग निवडा

ईशान्येच्या म्यूझपासून नैऋत्येच्या लांदपर्यंत नकाशावर तिरका पट्टा ओढा. फ्रेंच भूगोलात याला ‘विरळ वस्तीचा कर्ण’ अशा अर्थाचं नाव आहे. निएव्र, क्रझ, कोरेझ, कांताल, लोझेर, लॉत हे जिल्हे या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास येतात. लोझेरमध्ये चौरस किलोमीटरला जेमतेम पंधरा माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा ३६५ होता. आपल्याकडे ‘निर्मनुष्य’ म्हणतो, त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो.

प्रोव्हान्सचा समुद्रकिनारा, मोठ्या शहरांभोवतालचा वीसेक किलोमीटरचा पट्टा आणि जुलै-ऑगस्टमधले प्रसिद्ध घाट टाळा. आल्प्समधल्या नामांकित चढांवर उन्हाळ्यात मोटरसायकलींचा आवाज दिवसभर घुमतो. तिथे शांततेसाठी जाणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला निवांत फिरायला जाण्यासारखं आहे.

गाडीचा विचारच नको असेल, सोबत लहान मुलं असतील, तर ‘व्हुआ व्हेर्त’ शोधा. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर किंवा कालव्याकाठी केलेल्या या वाटा. पहिली १९९७ मध्ये बरगंडीत झिव्री ते क्लूनी अशी झाली, ४४ किलोमीटरची. क्लूनीच्या पुढे याच वाटेवर दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. छान आहेत या वाटा, पण रेल्वेचा चढ तो, एकसुरी. दोन दिवसांत मला वळणांची आठवण यायला लागते.

पायरी २: रस्त्याचा नंबर वाचा, पण त्यावर विसंबू नका

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘ए’ म्हणजे मोटरवे, सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता, आपल्या कामाचा नाही. ‘डी’ म्हणजे देपार्तमाँचा रस्ता, आणि खरी गंमत इथेच आहे. ‘सी’ किंवा ‘व्हीसी’ म्हणजे कम्यूनचा. बहुतेकदा त्याच्यावर पाटीसुद्धा नसते.

सायकलवाल्यांत एक ठोकताळा चालतो: ‘डी’च्या पुढे जितके अंक जास्त तितका रस्ता लहान. डी ९ पेक्षा डी १४३ शांत. बऱ्याचदा हे खरंही निघतं. पण १९७२ च्या सुधारणेत पन्नास हजार किलोमीटरहून जास्त राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले आणि २००६ मध्ये आणखी एक मोठा घास गेला. रस्ता तोच, ट्रक तेच, पाटी मात्र ‘डी’ची झाली. जिल्ह्यात तो नंबर आधीच कुणाला दिलेला असला, तर जुन्या आकड्याला पुढे ९ किंवा १० चिकटवून वेळ मारून नेली. म्हणून डी ९०० च्या घरातला किंवा चार आकडी रस्ता दिसला की कान टवकारायचे. तो बहुधा वेष बदललेला राष्ट्रीय रस्ता असतो.

लॉत जिल्ह्यात तर ठोकताळा पार उलटा पडतो. काओरहून ईशान्येला जाणारा डी ६५३ तीन आकडी, पण वर्दळीचा, कारण एके काळी तो राष्ट्रीय रस्ता होता. आणि त्याच भागातला दोन आकडी डी ४१ हा माझ्या यादीतला सर्वांत निवांत रस्त्यांपैकी एक. त्याच्याकडे पुढे येतोच.

आणखी एक: जिल्ह्याची हद्द ओलांडली की नंबर बदलू शकतो. डी ४० वर चाललोय म्हणून निर्धास्त राहावं, तर पुलापलीकडे पाटी निराळीच. म्हणून वाट नंबरांवर लक्षात ठेवू नका, गावांच्या नावांवर ठेवा.

पायरी ३: रंग, बाण आणि मधली पांढरी रेघ

नंबरापेक्षा नकाशाचा रंग खरं बोलतो. मिशलिनचे कागदी नकाशे आजही याबाबतीत फोनपेक्षा शहाणे आहेत. लाल मोठा रस्ता, पिवळा मधला, पांढरा लहान. आपल्याला पांढरे हवेत, मधून जोडायला लागले तर पिवळे. रस्त्याच्या कडेने हिरवी पट्टी असेल तर देखावा चांगला. पण ती पट्टी गाडीवाल्यांनाही दिसते, तेव्हा लाल रस्त्यावरच्या हिरव्या पट्टीला भुलू नका.

रस्त्यावर छापलेले छोटे बाण चढ सांगतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. सामान लादलेल्या सायकलवर तीन बाण म्हणजे उतरून ढकलायची तयारी ठेवा. १:१,५०,००० किंवा १:२,००,००० या प्रमाणाचा नकाशा पुरतो. प्रत्येक घर आणि पायवाट पाहायची असेल तर आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० नकाशा संगणकावर उघडा.

मग शेवटची खात्री. इंटरनेटवर रस्त्याचे फोटो बघायची सोय आहे, तिथे आपल्या वाटेवर चार-पाच ठिकाणी डोकवा. मधोमध पांढरी रेघ असेल तर दोन्ही बाजूंनी गाड्या वेगाने जातात. रेघ नसेल तर रस्ता अरुंद, गाड्या थोड्या. आणि गवत असेल तर काय, ते सुरुवातीलाच सांगितलं.

पायरी ४: चर्च ते चर्च वाट जोडा

दोन मोठ्या गावांमध्ये सरळ रेघ मारू नका. त्या रेघेवर हमखास मोठा रस्ता असतो. तिच्या तीन-चार किलोमीटर डाव्या-उजव्या अंगाची लहान खेडी बघा आणि एका चर्चकडून दुसऱ्या चर्चकडे जाणारे पांढरे रस्ते जोडत चला. अंतर पाव पट वाढतं. वाढू द्या. नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते असतील तर एक मोठा आणि एक लहान असण्याचा संभव खूप, तेव्हा रेल्वे किंवा पिवळा-लाल रस्ता ज्या काठाला आहे त्याच्या समोरचा काठ धरा.

आखलेली वाट फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. आणि ॲपला ‘सायकल’ सांगितलं की ते कच्च्या वाटेवरही घालतं. रोड सायकल असेल तर ‘पक्का रस्ता’ हा पर्याय निवडलाय ना, बघून घ्या. एकदा मी हे विसरलो आणि ओल्या शेतातून अर्धा तास सायकल खांद्यावर घेऊन चाललो. चूक माझीच.

दिवसाचा पल्ला ठरवताना आपल्या नेहमीच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करा. हे रस्ते सतत थोडे चढतात, थोडे उतरतात, आणि थांबावंसं फार वाटतं.

पायरी ५: घड्याळ आणि कॅलेंडर

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, घाई करायचं कारण नाही. मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट सगळा फ्रान्स सुटीवर असतो. गेलातच तर सकाळी लवकर निघा आणि दुपारचं ऊन कुठेतरी झाडाखाली घालवा. दुपारी बारा ते दोन हा जेवणाचा वेळ मात्र सोन्यासारखा. लोक टेबलाशी असतात, रस्ते ओस पडतात.

पण दुकानंही ओस पडतात. बूलांजेरी, म्हणजे पावाचं दुकान, सकाळी लवकर उघडतं, दुपारी मिटतं आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतं. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद. रविवारी दुपारनंतर काहीही मिळेल अशी आशा धरू नका. खेड्यांत खानावळी बारा ते दीडच्या आत गाठा. पावणेदोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद झाल्याचं हसतमुखाने सांगतात. पुष्कळ खेड्यांत आता दुकानच उरलेलं नाही, तिथे कधीकधी पावाचं यंत्र असतं, नाणी टाकली की बगेत बाहेर.

सेंत-एतियनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०), ज्यांना फ्रेंच सायकलवाले ‘व्हेलोसिओ’ म्हणून ओळखतात, त्यांनी भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या, असं सांगून ठेवलंय. खेड्यातल्या दुकानांच्या वेळा बघितल्या की वाटतं, हा सल्ला त्यांनी सोमवारी दिला असावा.

शाकाहाऱ्यांनी ‘सां व्यांद, सां पुआसों’ म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करावं आणि तरीही ‘लार्दों’ विचारावेत. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे सॅलडमध्ये इतके सवयीने पडतात की वाढणाऱ्याला त्यांचं भान नसतं. ऑम्लेट चालत असेल तर प्रश्न सुटला. काटेकोर असाल तर हेही माहीत असू द्या की तिथलं पारंपरिक चीज बहुधा रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या पाचकरसाने जमवलेलं असतं. अक्रोड, फळं, पाव, टोमॅटो आणि सोबत घरची शेंगदाण्याची चटणी. माझे कित्येक दिवस यावर निघालेत.

पायरी ६: पाणी दफनभूमीत

फ्रेंच सायकलवाल्यांचं हे जुनं गुपित. गावात दुकान नसेल, चौकातला नळ कोरडा असेल, तरी दफनभूमी असतेच आणि फुलांना घालायला तिथे नळ असतो. नकाशावर ती लहान चौकोनात क्रुसाच्या खुणेने दाखवतात, बहुधा गावाच्या कडेला. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्यायोग्य, ‘ओ नों पोताब्ल’ म्हणजे नाही. मधला एक शब्द नीट वाचा. पाणी आधी थोडं वाहू द्यावं, मग बाटली भरावी. थंडीत नळ बंद करून ठेवतात.

आत कुणी फुलं वाहायला आलं असेल तर मान लववून ‘बोंजूर’ म्हणा, टोपी काढा, आणि तिथे मोजे धुवायला बसू नका. एकंदर खेड्यात ‘बोंजूर’ला आपल्याकडच्या ‘रामराम’चं वजन आहे. ते न म्हणता थेट पाव मागितला तर मिळतो, पण थंडपणे.

पायरी ७: नियम, आणि आपली हमखास होणारी चूक

गाड्या उजवीकडून. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि मोठ्या रस्त्यावर कुणी चुकतही नाही. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: पाव घेतला, फोटो काढला, सायकलवर बसलो आणि मुकाट डावीकडून निघालो. आरशासारखा रस्ता, सावध करायला समोर गाडीही नाही. प्रत्येक थांब्यानंतर मी स्वतःशी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणतो. हसणारे हसोत. भाड्याची सायकल असेल तर ब्रेकही तपासा. आपल्याकडे सहसा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, तिथे डावा.

गावात शिरताना लाल कडेची पांढरी पाटी असते. तिथून गाड्यांना ताशी ५० ची मर्यादा. गावातल्या गल्लीच्या तोंडाशी खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. समोरून एखादे आजोबा न बघता गाडी रस्त्यावर आणतील, आणि कायद्याने त्यांचंच बरोबर असेल. गावाबाहेर गाडीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, गावात एक मीटर. खेड्यातले चालक हे बऱ्यापैकी पाळतात. कानात इअरफोन घातले तर १३५ युरो दंड. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकतं जॅकेट सक्तीचं.

दोन पाट्या ओळखा. ‘ग्राव्हियों’ म्हणजे नुकतीच खडी टाकलीय. उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर पातळ डांबर आणि सुटी खडी टाकून गाड्यांनीच दाबू देतात. उतारावर ती वाळूसारखी सरकते. आणि शरद ऋतूत ‘शास आं कूर’, म्हणजे शिकार चालू आहे. विशेषतः रविवारी जंगलातून जाताना भडक रंग घाला.

पायरी ८: एक वाट पूर्ण आखून बघू: काओर ते फिजाक, सेले नदीकाठाने

सुमारे ७५ किलोमीटर. दमदार माणूस सकाळी निघून दुपारी पोचेल. मी दोन दिवस घेईन.

पॅरिसच्या ऑस्तेर्लिझ स्थानकातून काओरला थेट गाडी आहे. सायकलीची जागा तिकिटासोबतच आरक्षित करा. काओरला चौदाव्या शतकातला तीन मनोऱ्यांचा व्हालांत्रे पूल बघून संध्याकाळ घालवा आणि सकाळी लवकर निघा, कारण वेरपर्यंतचा पहिला टप्पा तोच वर्दळीचा डी ६५३ आहे. वेरला तो सोडून डी ६६२ ने लॉत नदीच्या काठाकाठाने कोंदुशेपर्यंत जा. इथे सेले लॉतला मिळते. डोंगरावरचं सँ-सिर्क-लापोपी थोडं पुढे आहे. सुंदर गाव, पण दुपारी बसगाड्या येतात. बघायचंच तर सकाळी, आणि चढ सणसणीत आहे.

कोंदुशेला डावीकडे वळलं की डी ४१ सुरू होतो. आवाज बदलतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचा कडा, कुठे कुठे रस्त्यावर ओणवा झालेला. काब्रेरेला कड्याला चिकटून अर्धवट पडका किल्ला आहे, लोक त्याला सैतानाचा वाडा म्हणतात. गावाच्या वर पेश मेर्ल गुहा, १९२२ मध्ये सापडलेली. तिच्यातले ठिपक्यांचे घोडे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. आधी तिकीट काढून ठेवा आणि जॅकेट न्या, आत बारा महिने गारवा असतो.

पुढे मार्सियाकला अर्धा पडका, अर्धा वापरातला मठ. नदीकाठी मुक्कामाला हे गाव किंवा थोडं पुढचं ब्रँग चांगलं. मग एस्पान्याक, लाकडी सांगाड्याच्या घंटाघराचं. रस्ता सोडून पूल ओलांडून आत जावं लागतं, म्हणून पुष्कळ जण चुकवतात. तुम्ही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी पायांत जोर असेल तर दरी सोडून वर ‘कोस’वर चढा. हे चुनखडीचं पठार. पाणी पडतं आणि खडकात मुरून जातं, वर ओढा नाही की झरा नाही, म्हणून बाटल्या दरीतच भरून घ्या. वर खुरटे ओक, रचलेल्या दगडांची कुंपणं आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या, चष्मा लावल्यासारख्या दिसणाऱ्या मेंढ्या. हे पठार कोस द्यू केर्सी या निसर्गउद्यानात येतं आणि इथलं रात्रीचं आकाश देशातल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी आहे. चढावर गिअर कमी पडले तर लाजू नका, चाला. २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर, दोन ट्यूब आणि साखळीची जादा कडी एवढं असलं की बस. सायकलीचं दुकान आता थेट फिजाकलाच.

फिजाक हे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या शांपोलियोंचं जन्मगाव (१७९०). जुन्या गावातल्या एका चौकात त्या उलगड्याला उपयोगी पडलेल्या रोझेटा शिळेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे. तिथवर सायकल हातात धरूनच जावं.

परतीची गाडी फिजाकहून ब्रीव्ह किंवा तुलूझकडे मिळते. प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट नेता येते, उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागतं. वेळापत्रकात मात्र त्या फेरीसमोर ‘ओतोकार’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर स्थानकावर रेल्वे नाही, बस येते, आणि तिच्यात सायकल घेतीलच असं नाही. पुढच्या फेरीपर्यंत तीन तास मिळाले, तर दफनभूमीचा नळ कुठे आहे ते आता ठाऊक आहेच.